निम्म्याचा वाटा

गवरीवर चार बोटं उमटलेली, करंगळी मात्र नाही... गवऱ्या थापायला येणाऱ्या नकोशीची करंगळी लहानपणीच विळ्यानं अधू झालेली, थापताना ती वरच राहते. आक्काबाईनं हुडव्यातली, गवऱ्यांच्या रचलेल्या ढिगातली, ती उरलीसुरली गवरी हातात घेतली, पण चुलीकडं नेली नाही. चूल गारच होती. ब्याण्णवच्या दिवाळीत परसात गोबरगॅसची टाकी बसली, तेव्हापासून स्वयंपाकघरात निळी ज्योत. धूर नाही, पोथी वाचताना अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात बुडत नाहीत, खोकल्यानं जाग येत नाही. पहिला घास अग्नीला द्यायची सवय, म्हणून पहिल्या दिवशी तिनं तुपाचा भात शेगडीवरच ठेवला होता. शेगडीची भोकं बुजली, तिचे यजमान दादासाहेब पोट धरून हसले. तरी तिनं ज्योतीला हात जोडले. देवा, माझे डोळे परत दिलेस.

अंगणात शेणाची पाटी वाजली. आज सोमवार, पूजा होईपर्यंत आक्काबाईचं मौन.

नकोशी झाडलेल्या गोठ्यापुढं उभी होती. इतकी वर्षं शेण घरचं, कष्ट तिचे, गवऱ्या निम्म्या-निम्म्या. तिचा वाटा भिगवणच्या बाजारात जायचा, त्यावर तिचं घर. टाकी झाली तरी थोडं शेण उरायचं. थंडीत गॅस कमी पडू लागला आणि आज सगळंच टाकीत गेलं.

"उद्यापासनं येऊ नगंस, नकोशे," दादासाहेब म्हणाले. "शेण उरत न्हाय."

"मग थापू काय, मालक? गॅस भितीवर थापता येतोय व्हय?"

तेही हसले, तीही हसली. पाटी मात्र तिनं खाली ठेवली नाही.

आक्काबाई उंबऱ्यात. बोलायचं नाही, म्हणजे तिला काढू नका असंही म्हणायचं नाही... किती सोयीचं. रोज अन्नपूर्णेचं नाव घेऊन चूल पेटवली, पण भर पावसात काडी लागताच पेटणारी ती कोरडी गवरी कुणी राखली—स्वतःचं छप्पर गळत असताना आमच्या हुडव्यावर उसाचं पाचट कुणी रचलं? त्या हातांवर माझी पोरं जेवली, आणि मी डोळ्यांसाठी देवाचे आभार मानत बसले...

"नकोशी, थांब."

दादासाहेब वळले. "सोमवार लवकर सुटला वाटतं."

"गॅस झाल्यावर टाकीतनं शेणाची पातळ रबडी निघती," तिचाच आवाज तिला परका वाटला. "ती वाळली की खत. डाळजचे डाळिंबवाले घेतात. तू वाळव, निम्मं तुझं. पहिल्यासारखं."



"वाळाय महिना लागंल, आक्का. तवर?"

आक्काबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "बगू," ते म्हणाले, ना व्हय ना न्हाय. नकोशी पाटी काखेत मारून निघाली. उद्या येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

आक्काबाई देवापुढं बसली. मौनाचा नेम मोडला होता. क्षमा मागायला हात जोडले, तर क्षमेचे शब्द येईनात, नुसतं भरून आलं—नकोशीनं विचारलं म्हणून, गुमान निघून न जाता विचारलं म्हणून... जपाची माळ फिरत होती, आणि नामाच्या जागी ओठांवर तेवढंच येत होतं: तवर... तवर... तिनं ते थांबवलं नाही.