तेजल परबचा बॅनर

तेजल परब सीए झाली, तिला इन्स्टिट्यूटचं सभासदत्व मिळालं, आणि तिने बोरिवलीत एका दुकानाच्या माळ्यावर टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं. पहिल्या महिन्यात तिच्याकडे दोन माणसं आली. त्यातला एक पत्ता विचारायला आला होता.

हे तिच्या वडिलांना, शिवदास परबांना, बघवेना. ते चारकोपला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते, आणि माल कितीही चांगला असला तरी खोक्यावर नाव ठळक पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. मुलीला न सांगता त्यांनी सेक्टरच्या मंडळाचे बॅनर लावणाऱ्या विकीला गाठलं.

संध्याकाळी तेजल रिक्षाने घरी येत होती. सेक्टरच्या नाक्यावर रिक्षावाल्याने आधी वर बघितलं, मग आरशात, मग परत वर. म्हणून तेजलनेही वर बघितलं. दहा फुटी तेजल हात जोडून हसत होती. 'चारकोपची शान! सीए तेजल शिवदास परब. इन्कम टॅक्स, जीएसटीची कामे खात्रीशीर करून मिळतील. लवकर येणाऱ्यांस सवलत.' खाली मोबाइल नंबर, आणि त्याखाली मंडळाच्या समस्त कार्यकर्त्यांचे गॉगल घातलेले फोटो.

"मॅडम, पॅन कार्डाचं पण करता काय?" रिक्षावाल्याने विचारलं.

घरी शिवदास दारातच उभे होते. "बघलंस मां?"

"बाबा, तो बॅनर आत्ताच्या आत्ता काढा. माझी वाट लागेल."

"का? फोटो चांगला नाय आला?"

"आम्हाला अशी जाहिरात करता येत नाही. इन्स्टिट्यूटचा नियम आहे. गिऱ्हाईक मागायचं नाही, आणि सवलत तर नाहीच नाही. कोणी तक्रार केली तर चौकशी लागते."

"म्हणजे दुकान उघडायचं आणि शटर खाली ठेवायचं?" शिवदास स्वयंपाकघराकडे वळले. "शकु, ऐकलंस? चेडू सीए झाला आणि बापाशीन गप बसाचा!"

"मी तेव्हाच म्हटलेलं," तेजलची आई शकु आतून म्हणाली, "साडीतला फोटो लावा."

तेजलने शर्मिष्ठा मॅडमना फोन लावला. त्यांच्या हाताखाली ती काम शिकली होती, आणि आता त्या इन्स्टिट्यूटच्या स्थानिक शाखेच्या समितीवर होत्या. मॅडम आधी पोटभर हसल्या. "आलाय मला फोटो. तीन ग्रुपवरून. तुझे बाबा कुठल्याच ग्रुपला विसरलेले नाहीत." मग त्यांचा आवाज बदलला. "आधी बॅनर उतरव. मग मला येऊन भेट."

"मी पण येतो," शिवदास म्हणाले. "बघतो ना, कोण ही इन्स्टिट्यूट."

बॅनर त्याच रात्री उतरला. सकाळी सेक्टरभर बातमी झाली, की परबांची मुलगी पास झालीच नव्हती.

रविवारी बापलेक मुलुंडला मॅडमच्या ऑफिसात गेले. शिवदासांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भांडण पाठ करून आणलं होतं.

"मॅडम, पोरीचं कौतुक पण करायचं नाय?"

"कौतुक करा की. 'खात्रीशीर' कशाला लिहिलंत?"

"मग काय, बेभरवशाची कामं लिहू?"

मॅडमनी चहा पुढे केला. "परब, तुमच्या मालकाला बँक कर्ज देते, ते काय बघून?"

"हिशोब बघून. खाली ऑडिटरची सही असते."

"बँकेचा साहेब त्या ऑडिटरला ओळखतो?"

"तो कशाला ओळखेल?"

"तरी विश्वास ठेवतो. ती सही एकट्याची नसते, आमच्या सगळ्यांची असते. उद्या तेजल नाक्यावर गिऱ्हाईक मागत उभी राहिली, आणि तेच गिऱ्हाईक म्हणालं, आकडा जरा फिरव, तर? मागून आणलेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं हो."

शिवदासांनी चहा बशीत ओतला. पाठ केलेलं भांडण कुठेतरी अडकलं होतं. "आमच्या पतपेढीच्या हिशोबावर पण सही होती," ते हळूच म्हणाले. "माझ्या वडिलांचे गिरणीतून मिळालेले पैसे होते तिथे. बुडाले."

तेजलने चमकून बघितलं. आजोबांचे पैसे गावच्या घरात गेले, एवढंच तिला माहीत होतं.

"त्या सही करणाऱ्याची तक्रार केलीत?" मॅडमनी विचारलं.

"कोणाकडे?"

"आमच्याकडे. तो सीए असेल तर चौकशी होते. दोषी ठरला तर सभासदांच्या यादीतून नावही जातं."

"हे आम्हाला कोणी सांगितलंच नाय." शिवदासांनी बशी खाली ठेवली. मग त्यांच्या डोळ्यांत पुन्हा तीच चमक आली, जिची तेजलला आता भीती वाटायला लागली होती. "मॅडम, मग ह्याचा बॅनर का नाय लावत तुम्ही? गिऱ्हाइकाचा नाय. सही खोटी निघाली तर कुठं जायचं, त्याचा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "अजून एक कप घ्या," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात शाखेने चारकोपला मंडळाच्या हॉलमध्ये सभा घेतली. पैसे ठेवण्याआधी काय विचारायचं, आणि फसलो तर कोणाकडे जायचं. बॅनरवर तेजलचा फोटो नव्हता, नावही नव्हतं. कार्यकर्त्यांचे गॉगल मात्र होतेच. त्यांच्यापुढे इन्स्टिट्यूटचं काही चाललं नाही.

हॉल भरला. निम्मे लोक, परबांची मुलगी खरंच पास आहे का, ते बघायला आले होते. तेजल बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कापत होता, पण ऑडिट रिपोर्ट कसा वाचायचा, हे सांगताना तो सरळ झाला. एका आजींनी विचारलं, त्यांची पतपेढी चांगली आहे का. "कागद बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, आजी," तेजल म्हणाली. पहिल्या रांगेत शिवदासांनी मान ताठ केली.

शेजारच्या खुर्चीवरचे दशरथ झुकून कुजबुजले, "शिवा, बरी बोलते रे. माझ्या मेव्हण्याच्या दुकानाचं काम करेल काय?"

शिवदासांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. "माका काय विचारतंस? तिलाच विचार."

घरी जाताना त्यांनी तेजलला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "बरोबर ना? एवढं चालतं?"

"एकदम बरोबर, बाबा."

"आणि नुसतं तुझ्याकडे बोट दाखवलं तर?"

"बाबा!"

"विचारतोय गो फक्त," शिवदास म्हणाले.