पडद्याआडचे ठोके

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही एका बंद दाराला कान लावून उभे आहात. आत कोणीतरी आहे. ते चालते, थांबते, पुन्हा चालते. पण ते कोण आहे, हसते आहे की रडते आहे, काही कळत नाही. माझे सारे आयुष्य अशा दारांशीच गेले.

मी एक जुनी लाकडी नळी आहे. म्वुलेच्या झाडाची, वीतभर लांब. माझे एक तोंड कर्ण्यासारखे पसरट आणि दुसरे चपटे. पसरट तोंड आईच्या पोटावर टेकवायचे आणि चपट्या तोंडाला कान लावायचा, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. सरोवराकाठच्या एका सुताराने मला घडवले, घासले, तेल पाजले. मग मला स्वतःच्याच पोटावर टेकवून तो बायकोला म्हणाला, "ऐक, मटोके मागतंय." त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटत होते की माणसांच्या पोटात शिजवलेली केळीच बोलतात.

आरोग्य केंद्रात आल्यावर माझा गोंधळ आणखी वाढला. एकाच पोटात दोन ठोके! एक सावकाश, दुसरा पळणारा. यातला कोणता आईचा आणि कोणता बाळाचा, हे मला कधीच उमगले नाही. ते सिस्टरना कळे. त्या ऐकून मान हलवत, आई हसे, आणि कौतुक मात्र माझे होई.

पुढे शहरातून डॉक्टर आले. काही बाळांची वाढ पोटातच का थांबते, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. त्यांनी सोनोग्राफीचे यंत्र आणले. गावातल्या गरोदर बायका दर महिन्याला येऊन बाळाचे मोजमाप करून घेऊ लागल्या. मी खिडकीत गेले. कोणीतरी माझ्यात पेन्सिली खोचून ठेवल्या. मी नळी आहे की पेला, हेही मला कळेनासे झाले.

एके दुपारी नब्बोसा आल्या. सोबत त्यांची सात वर्षांची नात, नान्तेझा. नब्बोसांचा आठवा महिना संपत आला होता आणि सकाळपासून बाळ हलले नव्हते. केमिगिशा सिस्टरनी त्यांना खाटेवर झोपवले आणि यंत्र चालवणाऱ्या लुबोवांना हाक मारली. आधीच्या बाई बदलून गेल्या होत्या. लुबोवा याच आठवड्यात कामावर आले होते.

लुबोवा दारात आले, खाटेकडे पाहिले आणि विस्तवावर पाय पडल्यासारखे मागे फिरले. नब्बोसांनी झटकन तोंडावर शाल ओढली आणि त्या खाटेवरून उतरू लागल्या.

सिस्टर पश्चिमेकडच्या डोंगरातल्या, इथली नातीगोती त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना काहीच समजेना. मला तर त्याहून नाही. त्यांनी नब्बोसांना पुन्हा आडवे केले, पेन्सिली ओतून मला हाती घेतले आणि पोटावर टेकवले. मी एक सावकाश ठोका वाहून नेला. सिस्टरनी नब्बोसांची नाडी धरली. तोच ठोका! म्हणजे तो आईचा होता. दुसरा कुठे आहे? मी जीव ओतून ऐकले. काहीतरी पुसट होते, की नव्हते?

सिस्टर बाहेर जाऊन लुबोवांवर चिडल्या. ते पायांकडे पाहत राहिले आणि दुसऱ्या कोणाला बोलवा, एवढेच म्हणाले. दुसरे माणूस होते शहरात. सिस्टर परत येऊन नब्बोसांना समजावू लागल्या की यंत्राने काही दुखत नाही. नब्बोसा शालीआडून एकच म्हणत होत्या, मला घरी जाऊ दे.

तेव्हा नान्तेझा म्हणाली, "सिस्टर, तो माझा बाबा आहे. आणि ही माझ्या आईची आई."

सिस्टर मटकन स्टुलावर बसल्या. आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांच्या जवळ येत नाहीत. स्पर्श झाला तर हातांना कायमचे कापरे भरते, असे सगळे मानतात.

"मग सांगायचं ना, न्याबो," सिस्टर हलकेच म्हणाल्या. आमच्याकडे मोठ्या बाईला आदराने न्याबो म्हणतात.

"काय सांगू? नात खेळवायच्या वयात माझं हे असं, आणि जावई बघणार माझं पोट? कुठल्या तोंडानं सांगू?"

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी दोरी बांधून खाट आणि यंत्र यांच्यामध्ये चादर टांगली. पोटावर फिरवायचा दांडा स्वतः हातात घेतला. त्याची वायर चादरीखालून गेली. पलीकडे लुबोवा यंत्राच्या पडद्यावर पाहत सांगू लागले, "थोडं वर. डावीकडे. थांबा."

"त्यांना माझं काही दिसतंय का गं?" नब्बोसांनी नातीला विचारले.

नान्तेझाने चादरीआड डोकावून पाहिले. "नाही गं आजी. नुसती राख सांडल्यासारखं दिसतंय."

मग खोलीभर ठोके घुमले. ते पळत होते, अडखळत होते, पुन्हा पळत होते.

"बाळ आहे," लुबोवा चादरीकडे तोंड करून म्हणाले. "पण दमलंय. भोवतीचं पाणी फार कमी झालंय. आत्ताच मोठ्या इस्पितळात जा. घाबरू नका, आई."

त्यांनी कोणाला स्पर्श केला नव्हता. मग त्यांचा आवाज का कापत होता? ते मला अजूनही कळलेले नाही.

संशोधनाच्या गाडीतून नब्बोसा, सिस्टर आणि नान्तेझा निघाल्या. सिस्टरच्या खिशात मीही होते. संध्याकाळी शस्त्रक्रिया होऊन मुलगा झाला. अगदी चिमुकला, पण रडका.

मित्रांनो, मला फारसे काही कळत नाही. पण एवढे सांगते. कोणी गप्प बसले, तर त्याला हट्टी म्हणून मोकळे होऊ नका. थोडे जवळ जा, थांबा, ऐका. आत कोणाचा तरी जीव दमलेला असेल.

सिस्टरनी मला नान्तेझाच्या हाती दिले. "ऐक, तुझा मामा काय म्हणतोय ते."

"मामा? एवढासा?" ती गोंधळून गेली. तिने मला बाळाच्या छातीवर अलगद टेकवले आणि बराच वेळ ऐकत राहिली. लुबोवा दुचाकीवरून मागोमाग आले होते. सासूबाईंच्या खोलीत येता येत नव्हते, म्हणून अंगणात फणसाखाली पाठमोरे उभे होते.

नान्तेझाने मला दुपट्यावर ठेवले. ठोका चुकू नये म्हणून ती तळव्याने स्वतःच्या मांडीवर ताल धरत पायऱ्या उतरली, फणसाखाली गेली आणि बाबाच्या पाठीवर तोच ताल वाजवू लागली.