आखाजीचा दोर

गाव म्हणतं, जीवरामच्या बेबानं देवाचा पाय मोडला. म्हणू दे. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण देव कुठला अन् पाय कोणाचा, ते मला विचारा.

मी बेबाबाई. सासर पाचोऱ्याकडे, माहेर यावलच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यात. आई गेलेली. माझे आबा जीवराम आणि धाकटा भाऊ वना, एवढंच माझं माहेर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, चिंचेला झोका बांधतात आणि गाण्यांतून सासूला मनसोक्त शिव्या देतात. त्या वर्षी मीही त्याच हौसेनं आले. आबांनी अंबाडीचा नवा कोरा दोर आणून ठेवला होता. त्या दोरानं मी झोका बांधला नाही, भाऊ बांधला.

ओसरीवर वना बसलेला, तर मी ओळखलाच नाही. एकोणीस वर्षांचा गडी, तालमीत जोडीदाराला आडवा करणारा, अन् भिंतीला टेकून तोंडावरच्या माशासुद्धा हाकलत नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. जळगावला जिनिंगमध्ये कामाला होता. हंगामात कापसाच्या धुळीत दोन-दोन पाळ्या उभं राहायचं. पोरं पेंगायला लागली की मुकादम हरभऱ्याएवढी अफू त्यांच्या जिभेखाली ठेवायचा. आधी फुकट, मग मजुरीतून कापून. आग लागो त्या मुकादमाच्या तोंडाला! दारूबंदीचे दिवस. प्यायलेल्याच्या तोंडाचा वास येतो, शिपाई धरतो. अफू खाल्लेला नुसता दमलेला वाटतो. आबाही वर्षभर म्हणत राहिले, पोरगं दमतं बिचारं. आईची पोत डब्यातून गेली तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

मी म्हटलं, "आबा, रडत बसू नका. धरा याला."

गोठ्यात खांबाला बांधताना तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी त्याच्या कानफटात ठेवून दिली. ज्याला कडेवर घेऊन घास भरवले त्याच्यावर हात उचलताना जीव तुटला माझा, पण उचलला. त्याच्या करगोट्याला चिंधी होती, चिंधीत लिंबाएवढा काळा गोळा. तो मी काढून घेतला. फेकू कुठं? उकिरड्यात टाकला असता तर त्यानं नखांनी उकिरडा उपसला असता. चुलीत घातला असता तर वासानं खांब उपटला असता. शेवटी माझ्याच लुगड्याच्या गाठीत बांधला आणि कमरेला खोचला.

मग सुरू झालं. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, भर उन्हाळ्यात हुडहुडी. ओकारी, हगवण, सगळं तिथंच. मी धुवायची, तो लाथा मारायचा. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की थुंकायचा. डोकं खांबावर आपटून कपाळ फोडून घेतलं. मधेच गोड व्हायचा, "अक्का, तूच माझी माय. एवढीशी दे मले, मग कधी मागणार नाही." नाही दिली की माझ्या मेलेल्या आईवरून शिव्या. एकदा हात सुटला तर माझा गळाच धरला. डोळ्यांपुढे अंधार आला, तेव्हा मी त्याच्या पोटात गुडघा घातला आणि सुटले. आपलेच दात अन् आपलेच ओठ, ओरडायचं कोणापुढं?

पण आखाजीच्या आदल्या दिवशी तो शांत पडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, झोका बांधला का यंदा?" देवाशपथ सांगते, मला हुंदका आवरेना. वाटलं, सुटला माझा भाऊ. आणखी थोडं निभावलं की सुटला.

तेवढ्यात आला झुलाल भगत.

आखाजीला आमच्या गावात खंडेरावाच्या बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागं एक जोडायच्या, बैल सोडायचे, गाड्यांत माणसं खच्चून भरायची, आणि भगतानं एकट्यानं पुढं होऊन ओढायच्या. मागून अख्खं गाव रेटतं, ते कोणी बोलत नाही. झुलाल म्हातारा झाला होता, गुडघे गेले होते. नवा भगत देवानं दाखवावा म्हणून तो भंडारा घेऊन घरोघर फिरत होता. आबांनी त्याला गोठ्यात आणलं. त्यानं वनाच्या फुटक्या कपाळाला हळद लावली. ती झोंबली असेल, की त्या थरथरीची नवी लाट आली असेल, वना धनुष्यासारखा वाकला, किंचाळला, फेस आला.

"देव आला!" झुलाल ओरडला. "जीवराम, तुझ्या पोरात देव आला रे!"

"देव नाही, अफू आहे ती!" मी ओरडले. "तलफ आहे त्याची!"

आबांनी माझ्या थोबाडीत मारली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. वर्षभर ज्याच्यापायी मान खाली घातली त्याच पोराच्या पायावर, आरडाओरडा ऐकून गोळा झालेलं गाव डोकं ठेवू लागलं होतं. बापाला ते सुख सोडवेना. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

आणि वना! डोळे मिटून पडलेलं ते पोर हळूच झुलालला म्हणालं, "बाबा, भगताले गाड्या ओढायच्या आधी गोळी भेटते ना?"

झुलाल म्हणाला, "भेटते, राजा. त्याशिवाय बळ कसं येणार?"

त्यांनी दोर सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून डफ वाजत होते. मी लहान असताना झुलालचा भाऊ बगल्या होता, म्हणजे भगताला काखेत धरून पळणारा. तो अडखळून गाड्यांखाली गेला होता. पहिलं चाक गेलं तेव्हा ओरडला, दुसऱ्याला नाही. बाराही गाड्या जाईपर्यंत कोणाला थांबवता आल्या नाहीत. आणि इथं माझा भाऊ, ज्याला चार पावलं नीट टाकता येत नव्हती.

ओढायच्या आधी बहिणीनं भगताला ओवाळायचं असतं. तेवढ्यापुरतं त्याला माजघरात माझ्यापुढं बसवलं आणि सगळे बाहेर गेले. पिवळं धोतर, गळ्यात झेंडूच्या माळा, हळदीनं माखलेला. पाय लटलट कापत होते.

मी म्हटलं, "वना, आईची आण आहे. देव आला का तुझ्यात?"

तो हसला. "देव कशाचा, अक्का? मंदिराजवळ गोळी भेटणार आहे."

"अन् गाड्या? मरशील रे मुडद्या, चेंगरून मरशील!"

"आधी गोळी तर भेटू दे," तो म्हणाला आणि दाराकडे निघाला.

मी आडवी झाले. त्यानं मला ढकललं, मी जात्यावर आपटले, ताट लांब उडालं. पुन्हा त्याचं धोतर धरलं, तर लाथ माझ्या छातीत बसली. बाहेर 'येळकोट येळकोट' सुरू झालं. त्याचा हात कडीला गेला. कोपऱ्यात मुसळ होतं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. ते मी दोन्ही हातांनी उचललं आणि मिरच्या कांडताना घालते तसा घाव त्याच्या नडगीवर घातला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला.

दार उघडलं तेव्हा मुसळ माझ्या हातातच होतं. "देवाले मारलं! बाईनं देवाले मारलं!" कोणी केस धरले, कोणी पाठीत जोडा हाणला. पोटच्या पोरींसारख्या वागवलेल्या शेजारच्या पोरींनी दगड मारले. माझा ओठ फाटला, दात हलला. मी एकच ओरडत होते, "मारा! जिवंत आहे तो! जिवंत आहे!" शेवटी आबाच माझ्या अंगावर पालथे पडले, तेव्हा लोक थांबले. गाड्या झुलालनंच ओढल्या. देवळापर्यंत गेल्या, गुलाल उडाला, कोणाला खरचटलंही नाही.

मग उखर्डू नाना आले, आमच्याकडचे हाड बसवणारे. वनाचा पाय सुजून काळानिळा झालेला, हाड कातडीखालून टोचत होतं. नानांनी नुसता हात लावला तर वना असा ओरडला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. पुन्हा लावला, तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला, पुन्हा ओरडला.

नाना मागं सरकले. "असा ओढला तर पोरगं ठणक्यानंच जाईल. जीवराम, घरात अफू आहे का कोणाकडं? वाटाण्याएवढी द्या. मग बसवतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. वनानंही बघितलं. कुठं असेल ते त्याला तेव्हाच कळलं, त्याची नजर सरळ माझ्या कमरेवर गेली. "अक्का," तो म्हणाला, "मोडलास तू, आता दे तूच."

मी गाठ सोडली. नखानं वाटाण्याएवढा तुकडा काढला आणि त्याच्या तोंडाशी नेला. इतके दिवस माझ्या हातची भाकर थुंकणाऱ्यानं लहान लेकरासारखा आ केला. माझं बोट चोखून स्वच्छ केलं.

थोड्या वेळानं त्याचं अंग सैल पडलं. नानांनी हाड ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या आणि बांधायला काही मागितलं. आबांनी झोक्याचा दोर आणून दिला.

हात धुताना नाना म्हणाले, "ठणका मोठा आहे, बाई. हाड धरेपर्यंत रोज द्यावी लागेल."

मी हो म्हटलं आणि गोळा पुन्हा गाठीत बांधला.