शेवटची दोन कडी

साध्या इंजिनात पिस्टन क्रँकला, म्हणजे फिरत्या दांड्याला, बांधलेला असतो, त्यामुळे कितीही उधळला तरी हद्द सोडत नाही. ताईच्या इंजिनात क्रँकच नव्हता. पिस्टन मोकळा, त्याच्या दांड्यावर चुंबकाची कडी आणि भोवती तांब्याच्या कॉइल. वीजही या कॉइलनीच करायची, पिस्टनला लगामही त्यांनीच घालायचा. या यंत्रापायी ताईने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

कडी बसवायचा तिचा धाकटा भाऊ. फिटर, हाताचा पक्का आणि तोंडाने अखंड बडबड्या. प्रत्येक कड्याची दिशा होकायंत्राने तपासायची, उत्तर ध्रुवाच्या बाजूला लाल ठिपका द्यायचा, मगच चिकटवायचं, हा त्याचा नेम. दहा कडी लावून तो जेवायला गेला. तेवढ्यात ताईने काहीतरी बघायला होकायंत्र उचललं आणि चुंबकांच्या ढिगाला खेटून ठेवलं. इतक्या जबर चुंबकापाशी सुई स्वतःच उलटी होऊन बसते, उत्तरेऐवजी दक्षिण दाखवते. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण डोकं गणितात, हात भलतीकडे. भावाने उरलेली दोन कडी त्याच सुईने तपासून लावली.

चाचणीच्या आखूड फेऱ्यांत ती दोन कडी कॉइलमध्ये येतच नव्हती, म्हणून सगळं झकास वाटलं. पूर्ण फेरी दिली, आणि जिथे ब्रेक लागायचा तिथेच उलट धक्का बसला. पिस्टन सिलिंडरचं झाकण फोडून बाहेर आला. समोर भाऊ उभा होता.

त्याच संध्याकाळी ताईला उलटी सुई दिसली. तिने ती चुंबक लावून गुपचूप सरळ केली. चौकशीत ठरलं, चूक फिटरची.

दवाखान्यात भाऊ डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडला होता. दृष्टी येणार नव्हती. आज खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून ताई आली होती.

"ताई, ठिपका बघूनच लावली गं मी. की बडबडीत लक्ष गेलं माझं? तू सांग. तू म्हणशील ते खरं."

तिला स्वतःची भयंकर किळस आली.

"होतं रे असं," ती म्हणाली. "घाईत होतं."

चाचपडत त्याने तिचा हात शोधला.

"तुझी तीन वर्षं मातीत घातली मी. माफ करशील ना?"

ताईने त्याला माफ केलं.