चार मोळ्या

डोळे मिटा आणि एक चढ डोळ्यांपुढं आणा. ढोकीच्या साखर कारखान्याकडे जाणारा कच्चा रस्ता, उसानं भरलेली ट्रॉली ओढत चाललेला ट्रॅक्टर. माथ्याजवळ येऊन तो बंद पडला, तर तुम्ही काय कराल? तिकडचं कोणीही करतं तेच कराल. दगड उचलाल आणि ट्रॉलीच्या चाकामागं लावायला धावाल.

राजपालही तसाच धावला होता. दगड टेकण्याआधीच ट्रॉली मागं आली.

त्याला तीन महिने झाले. त्याची बायको चांगुणा अजून तेच घोकत बसायची, "म्याच म्हनलं, आजून चार मोळ्या टाका. माझ्याच मोळ्यांनी त्यांचा जीव घेतला." नववीतल्या श्रावस्तीला हे रोज ऐकावं लागे. आईला काय सांगावं, तिला सुचत नसे.

आज आबाराव सरांनी फळ्यावर उतार काढला, वर एक गाडा काढला. मग त्यांचं लक्ष श्रावस्तीकडं गेलं आणि ते घाईनं पुसू लागले.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "ट्रॉलीच काढा."

सरांनी खडू तिच्याच हातात दिला.

"घर्षण सध्या सोडून दे. वर असताना उंचीमुळं साठलेली ऊर्जा एकीकडं लिही. खाली आल्यावर गतीची, ती दुसरीकडं."

तिनं लिहिलं. वस्तुमानाचा 'एम' दोन्हीकडं आला.

"आता?"

"एम कटतो, सर." ती थबकली. "म्हंजे जड असू दे न्हायतर हलकी, वेग तेवढाच?"

"तेवढाच."

"चार मोळ्या कमी असत्या तरी?"

"तरी, बाळ."

तिचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागून उत्कर्ष म्हणाला, "पर सर, जड ट्रॉलीचा दणका मोठा बसंल की!"

सर त्याला दटावतील, असं तिला वाटलं.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "भरल्या ट्रॉलीत चार मोळ्यांनी फरक अगदी थोडा पडंल. पण पडंल."

श्रावस्तीनं तेही वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि आईपुढं फरशीवर ते समीकरण लिहिलं.

"मला कुठं वाचता येतं गं?"

"वाचू नको. नुसतं बघ. ह्या तुझ्या मोळ्या. इकडं बी हायत, तिकडं बी हायत."

तिनं आईचं बोट धरलं. त्याच बोटानं एक एम पुसला, मग दुसरा. वहीतली उत्कर्षची ओळ तिनं फरशीवर लिहिलीच नाही.