एक अलिफ कमी

फग्गाला पेठेतली आमच्या छापखान्याची इमारत इन्शिराहबाईंच्या कंपनीने विकत घेतली, आणि ती खरेदी माझ्यामुळे बुडायला आली होती. हे लिहावं की नाही, यातच माझे चार दिवस गेले.

मी लबीब, तिथला मुद्रितशोधक. छापखाना चालवणाऱ्या कंपनीत भागीदार दोन, इन्शिराहबाई आणि त्यांचे भाऊ वग्दी. वग्दी आजारी होते, म्हणून खरेदीच्या करारावर बाईंनी एकटीनेच सही केली. महिन्याने वग्दी वारले. मग इमारतीचे मालक हाज दसूकी यांना जास्त किंमत देणारा एक हॉटेलवाला भेटला, आणि त्यांच्या वकिलाने कंपनीचा छापील भागीदारी-लेख कोर्टात पुढे केला. त्यात होतं, 'दोन्ही भागीदार एकत्र आणि स्वतंत्रपणे सही करतील.' म्हणजे दोघांच्याही सह्या हव्यात, एकटीची सही कंपनीला लागू नाही, करार रद्द.

बाई कडाडल्या, "अहो, 'एकत्र अथवा स्वतंत्रपणे' असं ठरलं होतं! वग्दीनेच तर लिहिलं होतं."

आमच्या अरबी लिपीत 'अथवा' आणि 'आणि' यांत एका अलिफाचा फरक. अलिफ म्हणजे एक उभी रेघ, बस्स. नऊ वर्षांपूर्वी तो लेख आमच्याच छापखान्यात जुळला होता, आणि मुद्रितं वाचली होती मी.  

वाचलेली सगळी मुद्रितं मी घरी खोक्यांत ठेवतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "पलंगावर कागद झोपू देत, मी जाते खोक्यात." शुक्रवारी सुट्टी होती. तिसऱ्या खोक्यात वग्दींच्या हातची मूळ प्रत मिळाली. खाली दोघा भावंडांच्या सह्या, तारीख. अलिफ ठसठशीत उभा होता. त्या प्रतीला टाचलेल्या मुद्रितात मात्र तो नव्हता, आणि समासात माझी खूणही नव्हती. त्याच ओळीतलं एक चुकलेलं टिंब मी लाल शाईने सुधारलं होतं. कोपऱ्यात माझंच अक्षर : 'वाचले. निर्दोष.'

टाचणी काढावी आणि नुसती मूळ प्रत द्यावी, असं मनात आलं. दोष खिळे जुळवणाऱ्या फरीदवर गेला असता. तो आता हयात नाही. पण मग दसूकींचा वकील म्हणाला असता, भागीदारांनी नंतर विचार बदलला. विचार बदलला नव्हता, रेघ गळली होती, हे दाखवायला माझं मुद्रितच हवं होतं. मी टाचणी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

"लबीबकाका, टिंब दिसलं आणि काठी नाही दिसली?"

"नाही दिसली, बाई."

"कोर्टात सांगाल?"

"मला चारचौघांत बोलता येत नाही."

"मग वाचून दाखवा. वाचता तरी येतं ना? का तेही फरीदच करायचा?"

कोर्टात मी दोन्ही कागदांवरची ती ओळ वाचून दाखवली. दसूकींचा वकील म्हणाला, "चाळीस वर्षांचा अनुभव, आणि अलिफ निसटला?"

"निसटला, साहेब."

"असे आणखी किती निसटले असतील?"

"तेच मोजत बसतो, म्हणून झोप लागत नाही."

लोक हसले. न्यायाधीशांनीही हसू लपवायला मान खाली घातली. मग विचारलं, "म्हणजे भागीदारांनी काही बदललं नव्हतं?"

"नाही. बदललं असतं तर मूळ प्रतीवर खाडाखोड असती, नाहीतर मुद्रिताच्या समासात खूण असती. चूक छपाईतली आहे. माझी आहे."

मूळ प्रत हस्ताक्षराच्या जाणकाराकडे गेली. दोन महिन्यांनी निकाल आला. भागीदारांचं म्हणणं मूळ प्रतीत स्पष्ट आहे, दोघांपैकी कोणाही एकाची सही पुरेशी, खरेदी कायम. बाहेर हाज दसूकी मला म्हणाले, "वा उस्ताद! चूक केलीत तुम्ही आणि हॉटेलचा सौदा बुडाला माझा."  

खरेदीच्या नोंदणीचा मसुदा तयार झाला तेव्हा बाईंनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या कोणाला द्या ना," मी म्हणालो.

"दुसऱ्या कोणाला अलिफाची एवढी धास्ती नाही. वाचा."

ओळीखाली पट्टी धरून मी तो वाचला, मग शेवटच्या शब्दापासून उलटा वाचला. 'निर्दोष' लिहायला हात धजेना. कोपऱ्यात लिहिलं, 'वाचले. पुन्हा कोणीतरी पाहावे.'

बाईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, आणि माझ्या अक्षराखाली 'पाहिले' असं लिहून सही केली. एकटीनेच.