एकावन्नाव्या पानावरची कैरी

मी एक जुनी प्रेमकादंबरी आहे. हसू नका, मित्रांनो! प्रेमाचं नाव काढलं की तुम्ही मुलं एकमेकांना कोपर मारता, ठाऊक आहे मला. पण मी माझ्या नायक-नायिकेची नाही, माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे. आणि ती सांगायची मला केव्हापासून घाई झाली आहे. एका जागी गप्प पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा माझं मुखपृष्ठ मोठं देखणं होतं. मग मी कोपरखैरण्यात सितारामच्या वाचनालयात आले. त्यानं पहिल्याच दिवशी माझं मुखपृष्ठ काढलं आणि तपकिरी रेक्झिनची बांधणी केली. पुस्तक टिकावं म्हणून हो! पण माझं नाव गेलं, रूप गेलं. पाठीवर एक आकडा उरला, तोही पुढे हात लागून लागून पुसून गेला.

रूप गेलं तरी मागणी गेली नाही. मी फळीवर दोन दिवस सलग राहिले असेन तर शपथ! दुपारची कामं आटोपली की बायका यायच्या आणि मला न्यायच्या. आता गंमत ऐका. सगळ्या पुस्तकांची बांधणी सारखी, मग हे आपण वाचलंय की नाही, कसं कळणार? म्हणून प्रत्येकीनं आपली एक खूण ठरवली होती. कुणी नवव्या पानावर चांदणी काढायची, कुणी शेवटी बारीक फुली. ‘पुस्तकात लिहू नये’ अशी पाटी सितारामच्या डोक्यावरच लटकत होती. तिच्याखाली उभं राहून सगळ्या लिहायच्या.

सगुणाची खूण म्हणजे सतराव्या पानाच्या आकड्याभोवती गोल. ही गावठाणातली आगरी बाई, आवाज खणखणीत. आणि एकावन्नाव्या पानावर असायची एक छोटी कैरी, वाकड्या देठाची. सगुणा जे पुस्तक उघडी, त्यात ती कैरी आधीच हजर! वर्षानुवर्षं असंच. ‘ही कोन बाय हाय गो, जी माज्या आदी सगला वाचून बसते?’ ती मलाच विचारायची.

मला माहीत होतं, मित्रांनो! मी त्या घरी राहून आले होते. दोन गल्ल्या पलीकडे, बिनालिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शमसुन्निसा राहते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं खाली उतरणं बंद झालं. पुस्तकं आणायचा तिचा नवरा झहूर. त्याला नावं लक्षात राहत नसत, म्हणून वाचून झालेल्या पुस्तकात तोच कैरी काढून ठेवायचा. मग वाचनालयात जाऊन एकावन्नावं पान उघडायचं. कैरी असली की ठेवायचं, नसली की घ्यायचं.

माझ्या शेवटच्या पानावर नायिका नऊ वर्षांनी परतलेल्या नायकाला दार उघडते. ते वाचून शमसुन्निसानं मला भिंतीवर भिरकावलं होतं. माझा खालचा कोपरा तेव्हा दुमडला तो कायमचा. आणि तेच पान वाचून सगुणा अशी ओरडली की शेजारीण धावत आली. ‘नऊ वर्सा तोंड नाय दाकवला, आन् ही दार उगडते? येडी का काय!’ दोघींचा राग एकच आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. सांगणार कसं? माझ्यात दोनशे पानं शब्द, पण तोंडाला कुलूप. माझा नुसता जीव वरखाली व्हायचा.

मग वाचनालय बंद पडलं. सिताराम म्हणाला, एकेक पुस्तक घेऊन जा. सगुणानं मला उचललं आणि घरी नेऊन कपाटात ठेवलं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडले. सगुणाही गप्प गप्प झाली. घरात सगळे तिला जेवलीस का विचारायचे. काय वाचलंस, ते कुणी विचारायचं नाही.

एके दिवशी तिनं मला कपाटातून काढून पदरानं पुसलं. खारघरला एका कॉलेजात प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं आणि वाचणाऱ्यांचं वार्षिक संमेलन होतं. ‘वाचनारी हाय म्हंजे तिथं येनारच. आज तिला गाटतेच!’ असं म्हणून तिनं मला पिशवीत घातलं. बसमध्ये तिची टाच खालीवर नाचत होती आणि तिच्या मांडीवर मीही.

दारातच घोटाळा झाला. तिथे जुन्या पुस्तकांच्या अदलाबदलीचं टेबल होतं. टेबलामागे करंजाड्याच्या गीतांजलीबाई, निवृत्त शिक्षिका. ‘पुस्तक आणलंय ना? द्या इकडे, हे घ्या कुपन.’ सगुणाला वाटलं, मॉलमध्ये पिशवी ठेवून घेतात तसंच असेल. तिनं मला देऊन टाकलं आणि कुपन ब्लाउजमध्ये खोचून आत गेली.

अहो, मी तिची पुराव्याची वस्तू! आणि पडले बाहेर!

आतला आवाज लाउडस्पीकरवरून ऐकू येत होता. नायिकेनं नोकरी करावी का, यावर चर्चा रंगली होती. मग प्रश्नांची वेळ आली आणि तो खणखणीत आवाज घुमला. ‘मना सवाल नाय. मना एक बाई पायजे. एकावन्न पानावर कैरी काडनारी. हाय का कोन?’ सभागृह हसलं. हात कुणाचाच वर झाला नाही. ‘हासू नका गो,’ सगुणा म्हणाली, ‘मना तिच्याशी बोलायचा हाय.’ तिचा आवाज खाली आला.

इकडे माझ्यावर वेगळंच संकट. गीतांजलीबाईंना पुस्तकातली रेघोटी सहन होत नाही. चाळीस वर्षांची सवय! त्यांनी खोडरबर काढला. नववं पान, चांदणी गेली. सतरावं पान, गोल गेला. ‘काय हे, मोठ्या माणसांना कळू नये?’ असं पुटपुटत त्या पुढे सरकत होत्या. थांबा हो बाई, तेवढं एक पान सोडा! मी पानं चिकटवून धरली, पण त्यांनी बोटाला थुंकी लावली. एकावन्नावं पान. दोनदा घासलं, फुंकर मारली. कैरी गेली.

आणि तेव्हाच झहूर आला. दहा मिनिटं आधी आला असता तर! पांढरी टोपी, धाप लागलेली, हातात कापडी पिशवी. त्यानं पिशवीतलं आपलं पुस्तक दिलं, मग टेबलावरचं एकेक पुस्तक उचललं आणि थेट एकावन्नावं पान उघडून पाहिलं. माझी पाळी आली. पान कोरं. ‘हे आमच्या हिनं वाचलेलं नाही,’ असं म्हणून त्यानं मला पिशवीत टाकलं. ज्या हातांनी चार मजले चढवून नेलं, त्यांनीच मला ओळखलं नाही. वाईट वाटलं, खोटं का बोलू?

सगुणा तोंड पाडून बाहेर आली आणि तिनं कुपन पुढे केलं. ‘अहो, ते तर काका घेऊन गेले,’ गीतांजलीबाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. सगुणा धावली. अर्ध्या जिन्यात तिनं झहूरची पिशवी धरली.

‘भाऊ, माजा पुस्तक हाय ता!’

‘ताई, मी बदली पुस्तक दिलंय,’ झहूर गोंधळून म्हणाला.

तिनं मला खेचून काढलं आणि एकावन्नावं पान उघडलं. मग सतरावं. पुन्हा एकावन्नावं. आणि ही दांडगी बाई पायरीवर बसून हमसून हमसून रडू लागली. ‘पुसली! माजी कैरी पुसली! आता कशी गावल ती मना?’

झहूर एक पायरी वर आला. ‘कैरी? कितव्या पानावर?’

‘एकावन्न.’

त्यानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, सगुणाच्या हातातलं कुपन घेऊन त्यामागे काहीतरी काढलं आणि तिच्यापुढे धरलं. वाकड्या देठाची कैरी. सगुणा कैरीकडे बघे, मग टोपीकडे बघे. ‘तू? बाप्या मानूस?’

‘मी नाही वाचत हो, ताई. मी नुसता हमाल. वाचणारी घरी आहे.’ त्यानं फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, ‘कुठलं पुस्तक? नऊ वर्षांनी आलेल्याला दार उघडते ती बया? मी असते तर आतून कडी घातली असती! रागानं भिंतीवर मारलं होतं मी ते. बघा, कोपरा दुमडलेला असेल.’

सगुणानं माझ्या दुमडलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. ‘बाय गो,’ ती म्हणाली, ‘मी येतंय. आताच येतंय. च्या ठेव.’

आता मी दर गुरुवारी सगुणाच्या काखेतून चार मजले चढते. मित्रांनो, पुस्तकं जपा, धुळीत टाकू नका. आणि जुन्या पुस्तकात पेन्सिलीची खूण दिसली, तर पुसायच्या आधी जरा विचार करा. तिच्यामागे एखादं माणूस असतं आणि त्याला कुणीतरी शोधत असतं.

त्या पहिल्या दिवशी चहा झाल्यावर झहूरनं मला मांडीवर घेतलं आणि कैरी परत काढायला पेन्सिल टेकवली. शमसुन्निसानं त्याचा हात धरला. ‘नको काढू,’ ती म्हणाली. ‘कैरी म्हणजे परत आणायचं नाही.’

एकावन्नावं पान अजून कोरंच आहे.